स्त्री उमेदवारामागे इतके वेगवेगळे लोक का उभे राहतात?

आपला प्रश्न मी असा समजले आहे : राष्ट्राध्यक्षपदासाठी उभ्या असलेल्या एखाद्या स्त्रीच्या सभेत निवृत्त शिक्षिका, कारखान्यातला कामगार, धर्मनिष्ठ आजोबा, नुकतेच मतदार झालेले विद्यार्थी आणि कोणत्याही चळवळीशी स्वतःला न जोडणाऱ्या गृहिणी असे एरवी एकमेकांशी फारसे न पटणारे लोक एकत्र दिसतात, तेव्हा त्यांना बांधणारा समान धागा कोणता? आणि ती स्त्री आहे म्हणून ते तिला मत देतात, की ती स्त्री असूनही देतात?

मतदारांच्या सविस्तर मुलाखती घेणे आणि मतदानोत्तर पाहण्यांच्या प्रश्नावल्या तयार करणे हे माझे अनेक वर्षांचे काम आहे. त्या अनुभवावरून सांगते की, समान धागा शोधायला निघालो की उत्तर हातातून निसटते. प्रत्येक गट उमेदवाराकडे आपले एखादे अडलेले काम सोपवत असतो. ही कामे एकमेकांहून भिन्न असतात, कधी परस्परविरोधीही असतात. उमेदवाराचे स्त्री असणे त्यांपैकी काही कामांसाठी विश्वासाचा पुरावा ठरते, काहींसाठी अडथळा ठरते आणि काहींच्या बाबतीत त्याचा संबंधच नसतो. म्हणून ‘हे सगळे स्त्रीला का पाठिंबा देतात’ असे न विचारता ‘यांतला प्रत्येक जण तिच्याकडून काय करून घेऊ पाहतो आहे’ असे विचारले, तर एरवी कोड्यासारखी वाटणारी गर्दी बऱ्यापैकी समजू लागते.

उत्तर कशावर अवलंबून आहे, हे आधीच स्पष्ट करते. त्या पदाला प्रत्यक्ष सत्ता आहे की ते प्रामुख्याने मानाचे आहे, निवडणूक एकाच फेरीत संपते की (कोणालाच बहुमत न मिळाल्यास आघाडीच्या दोघांत) दुसरी फेरी होते, उमेदवार प्रस्थापित पक्षाची आहे की बाहेरून आलेली, समोर कोण आहे आणि देश कोणत्या प्रसंगातून जात आहे, या प्रत्येक गोष्टीने पाठिंब्याचे स्वरूप बदलते. एका देशातला निष्कर्ष उचलून दुसऱ्या देशावर ठेवला की तो हमखास फसतो.

मुलाखतीत पहिले उत्तर जवळजवळ नेहमी तयार असते : ‘ती सक्षम आहे’, ‘अनुभवी आहे’, ‘आता बदल हवा’. ही उत्तरे खोटी नसतात, पण ती प्रचारातून आलेली असतात आणि बोलणाऱ्याच्या आयुष्याविषयी काही सांगत नाहीत. म्हणून मी पुढचा प्रश्न विचारते : ‘हे गुण दुसऱ्याही एका उमेदवारात होते, मग ही का?’ येथे माणूस थांबतो, आणि त्या थांबण्यानंतर जे येते ते खरे कारण असते. कोणी आपल्या आजारपणाविषयी बोलू लागतो, कोणी परदेशी गेलेल्या मुलाविषयी, तर कोणी दुसरा उमेदवार निवडून आल्यास काय होईल या भीतीविषयी. उमेदवार स्त्री असल्याचा उल्लेख या दुसऱ्या उत्तरात कधी अगदी सुरुवातीला येतो आणि कधी शेवटपर्यंत येत नाही.

आता सर्वांत नीरस, पण सर्वांत वजनदार कारण. जेथे पक्षनिष्ठा घट्ट आहे तेथे बहुतेक मतदार पक्षाला मत देतात आणि उमेदवार स्त्री असल्याचा परिणाम काठावरच्या मतांपुरता राहतो. अमेरिकेत 2016 मध्ये हिलरी क्लिंटन या एखाद्या प्रमुख पक्षाच्या अध्यक्षपदाच्या पहिल्या स्त्री उमेदवार होत्या, तरीही मतदानोत्तर पाहण्यांनुसार दोन्ही पक्षांच्या दहापैकी जवळपास नऊ समर्थकांनी आपापल्या पक्षाच्याच उमेदवाराला मत दिले. ‘स्त्रिया स्त्रीला मत देतात’ हे गृहीतकही तेथे टिकले नाही. त्याच पाहण्यांत कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक क्लिंटन यांच्या बाजूने होत्या, तर श्वेतवर्णीय स्त्रियांची मते दोन्हींकडे विभागली गेली. कृष्णवर्णीय स्त्रियांचा हा कौल केवळ एका स्त्रीला मिळालेला कौल नव्हता. कृष्णवर्णीयांच्या मतदानातले अडथळे दूर करणाऱ्या 1965 च्या मताधिकार कायद्याच्या लढ्यापासून क्लिंटन यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाशी जडलेला त्यांचा संबंध, आणि समोरच्या प्रचारातून त्यांना जाणवणारा धोका, या दोन्हींचा तो परिणाम होता.

तरीही त्याच निवडणुकीत असा एक छोटा गट होता, ज्याच्यासाठी उमेदवाराचे स्त्री असणे हेच मुख्य कारण होते. अमेरिकेत स्त्रियांना देशपातळीवर मताधिकार 1920 मध्ये मिळाला. त्यापूर्वी जन्मलेल्या, वयाची शंभरी गाठत आलेल्या काही स्त्रियांनी 2016 मध्ये क्लिंटन यांना मत दिले. रॉचेस्टर येथे, मताधिकारासाठी लढलेल्या सुझन अँथनी यांच्या थडग्यावर, मतदान केल्यावर मिळणारा स्टिकर लावण्यासाठी लोकांनी रांगा लावल्या. या मतदारांना पक्षाचे धोरण ठाऊक नव्हते असे मुळीच नाही, पण त्यांनी मताला दिलेला अर्थ वेगळा होता. अशा मतदारांना भावनिक म्हणून बाजूला सारणारे विश्लेषण मला अन्यायाचे वाटते, कारण आपल्याला आयुष्यभर नाकारलेली जागा आपल्यासारख्या कोणाला मिळावी ही इच्छाही राजकीयच आहे.

पाठिंब्याची वेगवेगळी कारणे एकत्र येऊन बहुमत कसे तयार होते, हे पाहण्यासाठी पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियाची 2005 ची निवडणूक मला सर्वांत उपयोगी वाटते. 1989 पासून मधल्या काही वर्षांचा अपवाद सोडता चाललेली यादवी 2003 मध्ये थांबली होती. पहिल्या फेरीत विख्यात फुटबॉलपटू जॉर्ज विया यांना सुमारे 28% आणि एलेन जॉन्सन सर्लीफ यांना सुमारे 20% मते मिळाली. दुसऱ्या फेरीत मात्र सर्लीफ 59% हून अधिक मते घेऊन विजयी झाल्या. म्हणजे त्यांच्या विजयातली बहुतांश मते अशा लोकांची होती, ज्यांची पहिली पसंती त्या नव्हत्या.

ही मते आली कोठून, हे पाहिले की आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळते. बाजारात भाजी, मासळी, कापड विकणाऱ्या स्त्रियांसाठी युद्ध म्हणजे शस्त्रे घेतलेल्या पुरुषांचे राज्य होते. 2003 मध्ये पांढरे कपडे घालून शांततेसाठी रस्त्यावर बसलेल्या स्त्रियांच्या आंदोलनाने त्यांना एकत्र येण्याची सवय लावली होती. मतदार नोंदणीच्या काळात कार्यकर्त्या बाजारात जाऊन या बायकांचे गाळे आणि लहान मुले सांभाळत, म्हणजे त्यांना नोंदणी केंद्रावर जाऊन येता येई. ही गोष्ट मी प्रत्येक प्रशिक्षणात सांगते, कारण पाठिंबा असणे आणि मत पडणे यांच्यामध्ये किती साधा अडथळा असतो हे त्यातून कळते. गाळा सोडला तर त्या दिवसाची कमाई गेली. हा अडथळा दूर झाला आणि यादीतील स्त्रियांचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. या स्त्रियांच्या दृष्टीने सर्लीफ यांचे स्त्री असणे हा थेट पुरावा होता : युद्ध ज्यांनी केले त्यांच्यापैकी ही नाही.

शहरातल्या सुशिक्षितांचे कारण पूर्णपणे निराळे होते. त्यांना कर्जात बुडालेल्या देशाचे हिशेब वाचता येणारी व्यक्ती हवी होती, आणि माजी अर्थमंत्री, हार्वर्डमध्ये शिकलेल्या, जागतिक बँक व संयुक्त राष्ट्रांत काम केलेल्या सर्लीफ त्यात बसत होत्या. त्यांच्या जागी तितकाच अनुभवी पुरुष असता तरी या गटाने त्याला मत दिले असते. वयस्क मतदारांपैकी काहींना ‘मा एलेन’ ही घर सावरणारी आई दिसत होती, तर काहींना लष्करी राजवटीत तुरुंगवास सोसूनही न वाकलेली ‘पोलादी स्त्री’ दिसत होती. एकाच व्यक्तीविषयीच्या या दोन प्रतिमा एकमेकींशी विसंगत आहेत, पण मतपेटीत त्या विसंगतीचा हिशेब कोणी मागत नाही. त्याच वेळी अनेक तरुण, त्यांत लढाईत ओढली गेलेली मुलेही होती, विया यांच्या बाजूने ठाम राहिले. शिकलेल्या लोकांनीच देश बुडवला, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे जे शिक्षण एका गटाला भरवशाचे वाटत होते, तेच दुसऱ्याला संशयाचे वाटत होते.

चिलीचे 2006 चे उदाहरण माझ्यासारख्या व्यक्तीसाठी फार मोलाचे आहे, आणि त्याचे कारण तांत्रिक आहे. तेथे त्या काळी स्त्रिया आणि पुरुष वेगवेगळ्या मतदान टेबलांवर मत देत आणि त्यांची मोजणीही वेगळी होई. एरवी कोणत्या लिंगाच्या मतदारांनी कोणाला मत दिले हे आम्हाला पाहणीवरून अंदाजाने काढावे लागते, तेथे मात्र प्रत्यक्ष मोजलेली मते उपलब्ध होती. मिशेल बाशेलेट दुसऱ्या फेरीत सुमारे 53.5% मते मिळवून निवडून आल्या आणि त्यांना स्त्रियांकडून व पुरुषांकडून जवळपास सारख्याच प्रमाणात मते मिळाली. वरवर पाहता याचा अर्थ ‘त्यांच्या स्त्री असण्याचा परिणाम शून्य’ असा होईल. परंतु मागील निवडणुकीशी तुलना केली की चित्र बदलते. बाशेलेट यांच्याच मध्यम-डाव्या आघाडीचे रिकार्दो लागोस यांना त्यापूर्वीच्या निवडणुकीत स्त्रियांची मते पुरुषांपेक्षा स्पष्टपणे कमी मिळाली होती, कारण चिलीतल्या स्त्रिया पूर्वापार अधिक परंपरानिष्ठ बाजूला मत देत आल्या होत्या. बाशेलेट यांनी ही जुनी तफावत भरून काढली. परिणाम होता, पण तो शोधायला मागचा आकडा शेजारी ठेवावा लागतो. स्त्रियांची मते पुरुषांपेक्षा जास्त दिसली नाहीत म्हणून स्त्रीमतदारांवर प्रभाव पडला नाही, असे घाईने लिहिणारे विश्लेषक नेमके येथे चुकतात.

बाशेलेट या घटस्फोटाचा कायदा नुकताच 2004 मध्ये आलेल्या कॅथलिक देशातल्या, पतीपासून विभक्त, मुलांना एकट्याने वाढवणाऱ्या, अज्ञेयवादी (देव आहे की नाही हे कळू शकत नाही असे मानणाऱ्या) आणि समाजवादी स्त्री होत्या, आणि हे सारे त्या स्वतःच उघडपणे सांगत. मग परंपरानिष्ठ घरांतल्या स्त्रियांनी त्यांना मत का दिले? त्या बालरोगतज्ज्ञ होत्या. आरोग्यमंत्री असताना सरकारी दवाखान्यांतल्या पहाटेपासूनच्या रांगा ठरलेल्या मुदतीत संपवण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकली गेली होती. आजारी मूल कडेवर घेऊन त्या रांगेत उभ्या राहिलेल्या आईला अज्ञेयवाद म्हणजे काय याच्याशी फारसे कर्तव्य नव्हते. शिवाय एकटीने मुले वाढवणाऱ्या स्त्रिया त्या देशात असंख्य होत्या, आणि धर्मगुरूंच्या दृष्टीने जे वैगुण्य होते ते या स्त्रियांच्या दृष्टीने ओळखीचे आयुष्य होते.

दुसऱ्या टोकाला त्यांच्या वडिलांची कहाणी होती. हवाई दलातले जनरल असलेले अल्बेर्तो बाशेलेट 1973 च्या लष्करी बंडानंतर कैदेत गेले, तेथे त्यांचा छळ झाला आणि 1974 मध्ये ते तुरुंगातच मरण पावले. मिशेल यांनाही आईसह बंदिवास भोगावा लागला. हीच स्त्री 2002 मध्ये संरक्षणमंत्री झाली, आणि पुराच्या वेळी लष्करी वाहनावर उभे राहून पाहणी करतानाचे तिचे छायाचित्र देशभर पाहिले गेले. डाव्या मतदाराला त्यात न्यायाची आशा दिसली. मध्यममार्गी, काहीशा धास्तावलेल्या मतदाराला सूड न घेता सैन्यासोबत काम करणारी व्यक्ती दिसली. स्त्री राष्ट्राध्यक्ष सैन्य सांभाळू शकेल का, हा स्त्री उमेदवाराला हमखास विचारला जाणारा प्रश्न तेथे उमेदवारीपूर्वीच निकालात निघाला होता. माझ्या कामात मला हे वारंवार आढळले आहे की, स्त्री उमेदवाराविषयी कुंपणावर बसलेल्या मतदाराच्या मनातली शंका भाषणाने जात नाही, ती आधी करून दाखवलेल्या कामाने जाते. पुरुष उमेदवाराला हा पुरावा अनेकदा मागितलाच जात नाही, ही असमानता मला खटकते आणि ती नोंदवणे मी माझे कर्तव्य मानते.

पदाच्या अधिकारांचा मुद्दा आयर्लंडमध्ये 1990 साली ठळकपणे दिसला. मेरी रॉबिन्सन या कायदेतज्ज्ञ होत्या आणि गर्भनिरोधके कायदेशीर व्हावीत म्हणून त्यांनी संसदेत आणि न्यायालयात लढा दिला होता. घटस्फोटाला राज्यघटनेनेच बंदी असलेल्या त्या काळच्या आयर्लंडमध्ये अशा उमेदवाराला ग्रामीण, धर्मनिष्ठ मतदार जवळ करतील असे फार थोड्यांना वाटत होते. परंतु तेथील राष्ट्राध्यक्षाला कायदे करण्याचा अधिकार नसतो. त्यामुळे ज्या मतदाराने त्यांना पंतप्रधान म्हणून कदाचित निवडले नसते, तो देशाचा सन्माननीय चेहरा म्हणून निवडायला तयार होता. त्यात त्या कित्येक महिने आधीपासून, बडे उमेदवार जेथे फिरकत नाहीत अशा पश्चिमेकडच्या छोट्या वस्त्यांत फिरत होत्या. ‘ती आमच्याकडे आली होती’ हे कारण विश्लेषणात फारसे चमकदार दिसत नाही, पण मुलाखतींत ते किती वेळा ऐकू येते याला सीमा नाही.

तेथे मतदानपद्धतीनेही हातभार लावला. आयर्लंडमध्ये मतदार पसंतीक्रम देतो. पहिल्या मोजणीत ब्रायन लेनिहन यांना सुमारे 44% आणि रॉबिन्सन यांना सुमारे 39% मते होती. तिसऱ्या क्रमांकाचे ऑस्टिन करी बाद झाल्यावर त्यांच्या मतांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश मते दुसऱ्या पसंतीने रॉबिन्सन यांच्याकडे गेली आणि त्या जिंकल्या. यांतले अनेक मतदार लेनिहन यांच्या पक्षाचे जुने विरोधक होते. प्रचाराच्या अखेरीस एका मंत्र्याने रेडिओवर रॉबिन्सन यांच्या पत्नी व आई म्हणून असलेल्या निष्ठेवर शेरा मारला, तेव्हा त्याची तीव्र प्रतिक्रिया उमटली आणि अशा अपमानाचा अनुभव असलेल्या स्त्रिया पक्ष विसरून एकत्र आल्या. अवमानकारक टीका स्त्री उमेदवाराचे नुकसान करते हे खरे, पण मतदानाच्या तोंडावर ती इतकी उघड झाली की ज्या स्त्रियांना उमेदवाराविषयी विशेष ममत्व नव्हते त्यांनाही ती स्वतःवरची वाटते.

याच्या अगदी उलट उदाहरण दक्षिण कोरियाचे आहे. 2012 मध्ये पार्क गुन-हे तेथील पहिल्या स्त्री राष्ट्राध्यक्ष म्हणून सुमारे 51.6% मतांनी निवडून आल्या. त्यांचा आधार वयस्क आणि परंपरानिष्ठ मतदारांत होता, तर तरुण मोठ्या प्रमाणात विरोधी उमेदवाराच्या मागे होते. ज्येष्ठांच्या पाठिंब्यामागे त्यांचे वडील पार्क चुंग-ही यांच्या राजवटीतल्या औद्योगिक भरभराटीची आठवण होती. ‘देशाची पहिली स्त्री राष्ट्राध्यक्ष’ हे वर्णन लायबेरिया, चिली आणि कोरिया या तिन्ही ठिकाणी शब्दशः लागू पडते, पण कोरियातल्या त्या ज्येष्ठ मतदाराने मत मुलीला दिले होते, आणि ते देताना त्याच्या मनात वडील होते.

आतापर्यंत मी पाठिंबा देणाऱ्यांविषयी बोलले, पण पाठिंबा दाखवणारे सगळे खरोखर पाठीराखे असतात का, हेही तपासावे लागते. अमेरिकेत 1937 मध्ये गॅलप या जनमत चाचणी संस्थेच्या पाहणीत, सर्व दृष्टींनी पात्र असलेल्या स्त्रीला अध्यक्षपदासाठी मत द्याल का, या प्रश्नाला केवळ एक-तृतीयांश लोकांनी होकार दिला होता. अलीकडे हे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या पुढे असते. बदल खरा आहे, पण ‘नाही’ म्हणणे आता अशोभनीय मानले जाते, हेही त्या आकड्यात मिसळलेले आहे. ते वेगळे काढण्याची एक युक्ती आहे. राग आणणाऱ्या चार सर्वसाधारण गोष्टींची यादी लोकांच्या एका गटाला देतात आणि कोणत्या ते न विचारता फक्त ‘यांतल्या किती गोष्टींचा राग येतो’ एवढेच विचारतात. दुसऱ्या तशाच गटाला त्या चार गोष्टींसोबत पाचवी देतात : स्त्री राष्ट्राध्यक्ष होणे. कोणालाही आपले मत उघड करावे लागत नाही, आणि दोन्ही गटांच्या सरासरीतला फरक पाचव्या गोष्टीमुळे आलेला असतो. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा एका अभ्यासात सुमारे 26% लोकांना त्या कल्पनेनेच राग येतो असे आढळले. म्हणून एखाद्या पाहणीत सर्व थरांतून पाठिंबा दिसला की मी आधी विचारते, प्रश्न कोणी, कोणासमोर आणि कसा विचारला होता? घरातल्या इतर माणसांसमोर दिलेले उत्तर आणि एकट्याने दिलेले उत्तर यांत फरक पडतो, आणि तो दोन्ही दिशांनी पडतो. कुटुंबाच्या पसंतीविरुद्ध स्त्री उमेदवाराला मत देणारी सून किंवा मुलगी ते सर्वांसमोर सांगत नाही.

आपल्याला स्वतः हे तपासायचे असेल, तर सभेतल्या किंवा ओळखीतल्या समर्थकांना ‘स्त्री म्हणून का?’ असे सुरुवातीलाच विचारू नका, कारण तो प्रश्न ऐकताच समोरची व्यक्ती आपली भूमिका सजवू लागते. आधी विचारा की, निर्णय कधी झाला आणि त्याच्या आदल्या आठवड्यात काय घडले होते. मग विचारा की, ती उभी नसती तर मत कोणाला गेले असते. तिच्याच पक्षातला कोणताही पुरुष चालला असता असे उत्तर आले, तर ते पक्षाचे मत आहे. घरीच बसलो असतो असे उत्तर आले, तर ते तिचे स्वतःचे मत आहे आणि तेथे खोलात जायला हवे. समोरच्या माणसाला पाडायचे होते म्हणून कोणीही चालले असते, हे उत्तरही आपल्या अपेक्षेपेक्षा अधिक वेळा येईल. ते कमअस्सल समजू नका. दोन फेऱ्यांच्या निवडणुकीत बहुमत पुष्कळदा अशाच मतांनी पूर्ण होते.

आणि हे वेगळेपण निकालानंतरही संपत नाही. बाशेलेट यांच्या पहिल्याच वर्षी विद्यार्थ्यांनी मोठे आंदोलन केले, 2007 मध्ये सान्तियागोच्या नव्या बससेवेचा बोजवारा उडाला तेव्हा रोज कामावर जाणारा शहरी वर्ग दुरावला, आणि पुढे आर्थिक मंदीच्या काळात त्यांनी राखून ठेवलेल्या तांब्याच्या उत्पन्नातून मदत दिली तेव्हा त्यांची लोकप्रियता पुन्हा उंचावली. 2010 मध्ये पद सोडताना त्या अत्यंत लोकप्रिय होत्या, परंतु त्यांच्याच आघाडीचा उमेदवार त्या वर्षी हरला. ज्या गटाने जे काम सोपवले होते त्या कामाच्या यशापयशानुसार तो गट जवळ येत होता किंवा दूर जात होता, आणि व्यक्तीवर ठेवलेला विश्वास पक्षाच्या नावावर वर्ग झाला नाही. आपण पाहिलेल्या सभेतले ते सगळे लोक पुढच्या निवडणुकीत पुन्हा एकत्र दिसतील का, हे आज सांगता येणार नाही. शिक्षिकेने, कामगाराने आणि त्या आजोबांनी तिच्याकडे नेमके कोणते काम दिले होते हे आजच नोंदवून ठेवले, तर तेव्हा कोण का आले नाही हे मात्र आपल्याला कळेल.